भिशीत शेवटचा नंबर घेणारा सावकार असतो, फक्त त्याला ते माहीत नसतं

आमच्याकडे दर महिन्याच्या दहा तारखेला रात्री आठला गिरणीच्या मागच्या खोलीत भिशी बसते. गिरणी बंद झालेली असते पण पिठाचा वास असतोच, पोत्यांवर पेपर टाकून दहा जण बसतात, मध्ये दोनशे पानी वही आणि चहाचे कप. मागच्या वर्षीची गोष्ट, दुसराच महिना होता, शेजारच्या वहिनींना मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती म्हणून त्यांनी बोली लावली, म्हणजे एवढे पैसे सोडते पण या महिन्याची भिशी मला द्या, दहा हजारापासून. समोर बसलेल्या अण्णांचं ट्रॅक्टरचं काम निघालेलं, त्यांनाही पैसे हवेच होते. बारा, तेरा, पंधरा करत करत वहिनी अठरावर गेल्या आणि अण्णा थांबले. अठरा एक वार, दोन वार, तीन वार. झालं. एक लाखाच्या भिशीतले ८२ हजार पिशवीत घालून वहिनी घरी गेल्या.

मी तेव्हा बोलीकडे कमी आणि बाकीच्यांच्या तोंडाकडे जास्त बघत होतो. आकडा वर गेला की सगळे गप्प, पण आतून खुश. कारण वहिनींनी सोडलेला एकेक हजार म्हणजे प्रत्येकाचा त्या महिन्याचा हप्ता शंभर रुपयांनी कमी. कुणाची तरी अडचण आपला हप्ता कमी करतेय हे कुणी बोलत नाही, वाईट दिसतं ना.

तर भिशी म्हणजे नक्की काय चाललेलं असतं ते आज जरा उलगडून सांगतो. कारण दहापैकी दहा जण सांगतात की आम्ही बचत करतो, आणि खरं बघितलं तर अर्धे जण कर्ज काढत असतात, अर्धे कर्ज देत असतात.

आधी साधी भिशी घ्या, आई-मावशा-काकूंची. बारा जणी, महिन्याला ५,००० प्रत्येकी, ६०,००० जमतात. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या, घरातल्या लहान पोराने एक काढायची, जिचं नाव निघेल तिला सगळे ६० हजार. पुढच्या महिन्यात उरलेल्या अकरा चिठ्ठ्या. बारा महिन्यांत बारा जणींना एकदा एकदा मिळतात. इथे बोली नाही, व्याज नाही, कुणी एक रुपया जास्त भरत नाही की कमी घेत नाही.

पण फुकट काहीच नसतं. पहिल्या महिन्यात जिची चिठ्ठी निघाली तिने स्वतःचे पाच हजार घालून साठ उचलले, म्हणजे पंचावन्न हजार दुसऱ्यांचे, आणि ते ती अकरा महिने आरामात फेडणार, बिनव्याजी. असलं कर्ज तुम्हाला कुठली बँक देते? आणि जिची चिठ्ठी शेवटी निघाली तिने तेच पैसे महिन्या महिन्याला आरडीत टाकले असते, साडेसहा टक्के धरा, तर साधारण अठराशे रुपये व्याज मिळालं असतं, ते गेले. म्हणजे शेवटच्या काकूंनी पहिल्या काकूंना बिनव्याजी पैसे वापरायला दिले. फक्त दोघींनाही हे वाटत नाही कारण मध्ये डबा आहे आणि पोरगं आहे.

अठराशे रुपयांसाठी कुणी भिशी सोडू नये असं माझं मत. पाच हजार दर महिन्याला घरातून बाजूला निघतात, ते कुणी मागत नाही, नवऱ्याला दिसत नाहीत, आणि चुकवले तर अकरा जणी दारात येतात. ही जी लाज आहे ना, तीच भिशीचं तारण. आरडीचा हप्ता चुकला तर बँकेचा एसएमएस येतो, तो आपण वाचतसुद्धा नाही.

आता बोलीच्या भिशीकडे येऊ, खरा खेळ तिथे आहे. आमची गिरणीतली भिशी: दहा जण, महिना १०,०००, एक लाख, दहा महिने. पहिल्या महिन्याची भिशी चालकाची, त्याला बोली नाही, पूर्ण लाख. ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, चालक म्हणतो मी पैसे गोळा करतो, दारोदार फिरतो, वही सांभाळतो, म्हणून पहिली माझी. दुसऱ्या महिन्यापासून बोली. जो जास्त पैसे सोडेल त्याला भिशी. वहिनींनी १८,००० सोडले, त्याचे दहा भाग, प्रत्येकी १,८००, म्हणून त्या महिन्यात सगळ्यांनी १०,००० ऐवजी ८,२०० भरले. वहिनींनी पण. तिसऱ्या महिन्यात अण्णांनी १६ सोडले. मग पुढे १४, १२, १०, ८, ५, ३ असं उतरत गेलं, कारण गरजू आधी उचलून मोकळे होतात, मागे राहतात ते ज्यांना घाई नाही. दहाव्या महिन्यात एकच माणूस उरतो, त्याला कुणाशी बोली लावायची? त्याला पूर्ण लाख.

माझ्याकडे वहीचा फोटो आहे म्हणून हिशोब केला. दहा महिन्यांत प्रत्येकाने भरले ९१,४००. चालकाने पण, वहिनींनी पण, शेवटच्यानेही, सगळ्यांनी सारखेच. फरक फक्त मिळाले किती आणि कधी यात आहे.

वहिनींनी ८२ घेतले आणि ९१,४०० भरले, म्हणजे ९,४०० जास्त. वहिनींना विचारलं तर म्हणतात अहो ब्याऐंशी हजारावर नऊ-साडेनऊ हजार, म्हणजे साडेअकरा टक्के, बँकेसारखंच की. इथेच सगळे फसतात. एक तर ब्याऐंशी हजार त्यांना दहा महिने वापरायला मिळालेच नाहीत. पहिल्या महिन्यात स्वतःचे दहा हजार आधीच घातलेले, उचलल्या त्याच दिवशी ८,२०० हप्ता दिला, मग साधारण ६४ हजारच दुसऱ्यांचे त्यांच्याकडे राहिले. आणि पुढच्या महिन्यापासून तेही कमी कमी होत गेले, ८,४००, ८,६००, ८,८०० असे परत जात होते. आठ महिन्यांची सरासरी काढली तर जेमतेम ३८ हजार त्यांच्या हातात होते. अडतीस हजारावर नऊ हजार चारशे, म्हणजे आठ महिन्यांत जवळजवळ पाव हिस्सा व्याजात गेला. वर्षाचं केलं तर ३८ टक्क्यांच्या आसपास येतं.

शेकड्यात, म्हणजे महिन्याला शंभरामागे किती ते, सांगतो म्हणजे पटकन कळेल, तीन रुपये शेकड्याच्याही वर. तीन रुपये शेकडा म्हटलं की आपण लगेच सावकार, पिळवणूक वगैरे बोलतो. गिरणीत बसून चहा पीत दिलं की ती भिशी.

वहिनींच्या हातात तेव्हा सोन्याच्या चार बांगड्या होत्या. बँकेत सोनेतारण साधारण दहा टक्के वर्षाला धरा, तेवढेच पैसे तसेच थोडे थोडे फेडत गेल्या असत्या तर व्याज अडीच हजारांच्या आसपास गेलं असतं, प्रोसेसिंग फी वगैरे धरून थोडं वर. मी नंतर बोललो त्यांना. म्हणाल्या, भाऊजी, हात रिकामे दिसले असते, सासूबाईंनी विचारलं असतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा-सात हजार रुपये त्यांनी त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी मोजले असं म्हणता येईल, आणि ते त्यांचं त्यांना परवडलं असेल तर आपण कोण बोलणारे. फक्त ते सहा-सात हजार जातायत हे आधी माहीत पाहिजे होतं एवढंच.

आता दुसऱ्या टोकाला बघा. दहाव्या महिन्यात उचलणारा, त्याने भरले ९१,४०० आणि घेतले एक लाख, फायदा ८,६००. त्याचे पैसे पण एकदम अडकलेले नाहीत, हप्त्या हप्त्याने गेलेत, त्यामुळे त्याचा दर निघतो वर्षाला २४ टक्क्यांच्या आसपास, दोन रुपये शेकडा. एफडीला सात टक्के मिळाले तरी आपण नाचतो. म्हणून अनुभवी मंडळी बोलीत तोंड उघडत नाहीत, गप्प बसून शेवटपर्यंत थांबतात, आणि वर नव्या माणसाला सांगतात की घे रे घे, तुला गरज आहे ना.

मधल्यांचं काय? सहाव्या महिन्यात उचलणाऱ्याला १,४०० चा तोटा, सातव्याला ६०० चा फायदा. म्हणजे आमच्या भिशीत सहा आणि सातच्या मध्ये रेघ होती. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत पाच जणांचे मिळून २७,००० गेले. सातव्यापासून दहाव्यापर्यंत चार जणांना मिळून १८,४०० मिळाले. मग उरलेले ८,६०० कुठे गेले?

चालकाकडे. हे मला वहीवर बेरीज करताना कळलं आणि मी दोनदा परत केली, म्हटलं चुकलं असेल. चालकाने पहिल्याच दिवशी स्वतःचे दहा घालून लाख उचलले, म्हणजे ९० हजार लोकांचे. पुढच्या नऊ महिन्यांत त्याने परत किती केले, तर ८१,४००. कर्ज घेतलं आणि घेतलं त्यापेक्षा कमी फेडलं! कारण दर महिन्याला कुणी ना कुणी पैसे सोडत होतं आणि त्यातला दहावा भाग त्याच्याही हप्त्यातून कमी होत होता. म्हणजे ८,६०० फायदा आणि वर नव्वद हजार वापरायला. त्याच्यावर राग नाही माझा, एखाद्याने हप्ता थकवला की तोच रात्री फोन करत बसतो, एकदा तर त्याने स्वतःच्या खिशातून भरले आम्हाला माहीत आहे. पण ही मेहनतीची किंमत आहे हे उघड बोललेलं बरं, ती वहीत कुठे लिहिलेली नसते.

बरं, शेवटच्याला २४ टक्के मिळतात मग सगळेच शेवटचा नंबर का मागत नाहीत? मागतात, आणि मागावा की नाही याचा हिशोब अगदी सोपा आहे. नवव्या महिन्यापर्यंत त्याने ८१,४०० घातलेत आणि बाकी नऊच्या नऊ जण आपापली भिशी घेऊन बसलेत. आता त्या नऊ जणांनी दहावा हप्ता भरायचा तो केवळ शब्दासाठी, त्यांना मिळायचं काही राहिलेलं नाही. त्यातल्या फक्त एकाने फक्त तो एक शेवटचा हप्ता बुडवला तर गेले १०,०००. आणि याचा दहा महिन्यांचा अख्खा फायदा होता ८,६००. एका माणसाचा एक हप्ता, आणि चोवीस टक्क्यांचं गणित संपलं, वर मुद्दलातले चौदाशे गेले.

ते जास्तीचे टक्के उगाच मिळत नाहीत हो. नऊ जणांना बिनतारण, बिनकागद कर्ज दिल्याचं ते भाडं आहे. बँक एकाला बिनतारण कर्ज देताना पगाराची स्लिप, सिबिल, सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागते. आपण गिरणीत बसून नऊ जणांना देतो आणि म्हणतो बचत चाललीय.

माझं स्वतःचं सांगतो, या भिशीच्या कितीतरी आधीचं. शहरात नोकरीला होतो तेव्हा पंधरा जणांची भिशी, महिना ४,०००, चालकाचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. मी हुशार, शेवटचा नंबर मागून घेतला. तेराव्या महिन्यानंतर एक दिवस दुकानाचं शटर खाली, दुसऱ्या दिवशीही खाली, तिसऱ्या दिवशी बोर्डही गायब. माझे बोलीची कपात जाऊन पंचेचाळीस हजारांच्या वर अडकले होते. तक्रार करायला गेलो तर पहिला प्रश्न, कागद काय आहे? वही त्याच्याकडे. माझ्याकडे यूपीआयची यादी होती, त्यात दर महिन्याला पैसे पाठवताना मी रिमार्कमध्ये काय लिहिलं होतं, तर कधी थँक्स, कधी नुसता अंगठा. समोरच्या साहेबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, हे उसने दिले की भेट दिली? तेव्हापासून मी रिमार्कमध्ये भिशी, महिना आणि हप्ता क्रमांक लिहितो. लोक हसतात, हसू देत.

कायद्याचं पण थोडं बघू, फार नाही. चिट फंड कायदा १९८२ चा आहे. चिट फंड म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर बंगालमधलं २०१३ चं शारदा प्रकरण येतं, पण तो प्रकार नाव चिट फंडाचं आणि काम भलतंच असा होता, नव्या लोकांच्या पैशातून जुन्यांना द्यायचे. खरा चिट फंड म्हणजे आपली बोलीची भिशीच, फक्त नोंदणी केलेली. ती राज्य सरकारच्या निबंधकाकडे नोंदवावी लागते, रिझर्व्ह बँकेकडे नाही. आणि सुरू करायच्या आधी चालकाला भिशीच्या रकमेएवढी सिक्युरिटी जमा करावी लागते, म्हणजे उद्या शटर खाली आलं तरी काहीतरी हाताला लागतं. त्याचं कमिशनही ठरलेलं, आधी जास्तीत जास्त ५ टक्के होतं, २०१९ च्या दुरुस्तीत ७ टक्के केलं. आमच्या चालकाचे ८,६०० म्हणजे लाखाच्या एका भिशीचे ८.६ टक्के दिसतात, पण नोंदणीवाला दर महिन्याच्या लाखावर घेतो, त्या मानाने आमचा गरीबच.

आई-काकूंची डब्यातली भिशी, जिच्यात सगळ्यांना आळीपाळीने पूर्ण रक्कम मिळते आणि मिळाल्यावरही पुढचे हप्ते भरावेच लागतात, ती त्या कायद्याच्या व्याख्येतून बाहेर ठेवलेली आहे, त्यामुळे काकूंनी घाबरायचं कारण नाही. बोलीवाली मात्र व्याख्येत बसते. आणि तिसरा एक प्रकार तालुक्याच्या गावात बघायला मिळतो, नंबर लागला की मोटारसायकल घेऊन जा, पुढचे हप्ते माफ. त्याला १९७८ पासून बंदी आहे. नीट विचार करा, ज्याला गाडी मिळाली त्याचे हप्ते माफ, मग त्या गाडीचे पैसे भरतंय कोण? जे रांगेत मागे उभे आहेत ते.

केरळात तर सरकारच भिशी चालवतं. केएसएफई म्हणून राज्य सरकारची कंपनी आहे, १९६९ पासूनची, तिथे लोक चिट्टी म्हणतात. शाखेत जायचं, बोली लावायची, पण उचलायच्या आधी तारण नाहीतर जामीन द्यावा लागतो. म्हणजे मागे राहिलेल्याचा जो धोका मी वर सांगितला तो तिथे आधीच बांधून घेतलाय. मला नेहमी वाटतं आपल्याकडे भिशीची एवढी हौस असताना असलं काही का नाही झालं, आपण पतसंस्थांच्या मागे लागलो. आणि हो, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही आणि भिशीला तर प्रश्नच नाही.

सोन्याच्या भिशीबद्दल हमखास विचारतात म्हणून एवढंच, अकरा हप्ते तुम्ही भरा बारावा सराफ भरणार. महिना ५,००० धरला तर ५५ चे ६०, आणि हप्त्या हप्त्याने भरलेत म्हणून दर निघतो वर्षाला १७ टक्क्यांच्या आसपास. भारी दिसतं. पण ते पैसे रोख मिळत नाहीत, त्याच दुकानात दागिनाच घ्यायचा, आणि दागिन्यावर घडणावळ किती लावायची ते कोण ठरवणार, तोच सराफ. साठ हजाराच्या दागिन्यावर घडणावळ आठ टक्क्यांऐवजी सोळा टक्के लावली की तुमचा पाच हजाराचा बोनस जवळपास सगळा परत गल्ल्यात. म्हणून आधी घडणावळ विचारा, लिहून घ्या, मग पहिला हप्ता भरा. बोनस घडणावळीतच सूट म्हणून देणारे पण आहेत, ते निदान सरळ तरी आहेत.

आता तुम्ही कुठल्या भिशीत असाल तर स्वतःचा दर स्वतः काढा, अवघड नाही. मोबाईलवर शीट उघडा, एका खाली एक महिने, ज्या महिन्यात खिशातून गेले ते मायनस, ज्या महिन्यात मिळाले त्या महिन्याचा हप्ता वजा करून प्लस, आणि खाली आयआरआरचा फॉर्म्युला, म्हणजे या मायनस-प्लसवरून व्याजाचा दर काढून देणारा. येईल तो महिन्याचा दर, बाराने गुणा. माझ्या मेहुण्याने केलं आणि दोन दिवस बोलला नाही, कारण तो गेली सहा वर्षं दरवेळी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच भिशी उचलतोय आणि त्यातून एफडी करतोय! सव्वातीन रुपये शेकड्याने घेऊन सात टक्क्यांच्या एफडीत. बचतीची सवय लागते म्हणाला.

या महिन्यात गिरणीत नवीन भिशी बसायची होती. मी वहीचा हिशोब घेऊन गेलो आणि एकच बदल सुचवला, चालकाने पहिली न घेता शेवटची घ्यायची. फायदा तेवढाच, उलट थोडा जास्तच, कारण मग पहिल्या महिन्यालाही बोली लागेल. फक्त पैसे त्याला सगळ्यांच्या नंतर, म्हणजे कुणी बुडवला तर आधी त्याचे जाणार आणि मग वसुली तो जिवावर उदार होऊन करणार. मी हे बोलायच्या आधी चालक व्हायला तिघं तयार होते. बोलून झाल्यावर एकाला गिरणीचा पट्टा बघायचा आठवला, दुसऱ्याच्या घरून फोन आला. तिसऱ्या वहिनी होत्या. म्हणाल्या मी घेते शेवटची, पण पहिल्या पाच जणांनी उचलताना उरलेल्या हप्त्यांचे सही केलेले चेक माझ्याकडे द्यायचे. अण्णांनी चेकबुक घरी राहिलंय म्हणून सांगितलं. वहिनी म्हणाल्या, थांबतो आम्ही, चहा घेईस्तोवर या घेऊन.